पाऊस बाहेर, धडधड आत : शरीराचे ऐकू या, विचाराला तपासू या

पावसाळ्यात रात्री पत्र्यावर जोराची सर कोसळली की आपल्या कुर्ल्यात मिठीकाठच्या कितीतरी घरांत माणसे उठून बसतात. दिवा लावतात, उंबऱ्याशी पाणी आले का बघतात, माळ्यावरची कागदांची पिशवी चाचपतात. पाणी आलेले नसते. तरी छाती धडधडत असते, तोंडाला कोरड पडलेली असते आणि पुढे तासभर झोप लागत नाही. घरातली तरुण मुले म्हणतात, "आई, उगाच टेन्शन घेतेस."

हे उगाच नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठीने पात्र सोडले, साकीनाक्याला दरड कोसळली. क्रांती नगर, संदेश नगर, बैल बाजार या भागांत लोकांनी लेकरांना खांद्यावर घेऊन वरचा मजला गाठला. त्यानंतरही हे संपलेले नाही. जुलै २०१९ मध्ये आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मिठी फुगली तेव्हा क्रांती नगरातल्या कुटुंबांना पुन्हा घराबाहेर काढावे लागले. ज्या शरीराने हे सोसले, ते शरीर पत्र्यावरचा आवाज ऐकून सावध होणारच. ज्यांनी ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री एस. जी. बर्वे मार्गावर बसने माणसांना चिरडलेले पाहिले, त्यांच्या पोटात आजही मागून मोठा हॉर्न वाजला की गोळा येत असेल, तर त्यातही नवल नाही.

या पानावर आम्ही एरवी रक्तदाब, साखर, टीबी, डेंग्यू यांबद्दल लिहितो. मनाबद्दल लिहायचे म्हटले की वाचक पान उलटतात, कारण आपल्याकडे मनाचा आजार म्हणजे वेड असा समज आहे. म्हणून यावेळी आम्ही सुरुवात शरीरापासूनच करतो. मनात काय चालले आहे हे शरीर आधी सांगते. ते ऐकायला शिकलो, आणि त्यासोबत डोक्यात येणारा विचार तपासायला शिकलो, तर भीती, राग आणि उदासी आपल्याला ओढत नेत नाहीत. मात्र यात एक धोकाही आहे. तो पुढे सांगणार आहोत.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होते

आपली मराठी नीट ऐका. भीती वाटली की पोटात गोळा येतो. वाईट बातमी कळली की काळजात धस्स होते, हातपाय गळतात. रडू दाबले की घशात आवंढा येतो. अपमान झाला की तळपायाची आग मस्तकाला जाते. काळजी लागली की जीव टांगणीला लागतो, आणि सुटका झाली की जीव भांड्यात पडतो. शाळेची पायरी न चढलेल्या आपल्या आज्यांनी प्रत्येक भावनेला शरीरातली जागा दिली होती.

फिनलंडमधल्या संशोधकांनी हीच गोष्ट तपासली. युरोप आणि पूर्व आशियातल्या सुमारे ७०० लोकांना त्यांनी माणसाच्या आकृत्या दिल्या आणि कोणती भावना अंगात कुठे जाणवते तिथे रंग भरायला सांगितले. २०१४ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. रागात लोकांनी छाती, डोके आणि हात रंगवले. भीतीत छाती रंगवली. उदासीत हातपाय थंड, निर्जीव दाखवले. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण चित्रे पुष्कळशी सारखी निघाली. आपण ज्याला हातपाय गळणे म्हणतो, तेच त्या चित्रांत उमटले होते.

अंगात नेमके होते काय?

धोका दिसला, किंवा धोका आहे असे वाटले, की मेंदूतला बदामाएवढा एक भाग घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. त्या ॲड्रेनालिन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय जोरात धावू लागते, कारण पळायला किंवा लढायला हातापायांना रक्त हवे असते. श्वास भरभर होतो. पचनाचे काम मागे पडते, म्हणून पोटात गोळा आल्यासारखे वाटते. तोंड सुकते. जबडा, मान, खांदे ताठ होतात.

हे सगळे आपल्याला वाचवण्यासाठी आहे. २००५ साली ज्यांनी गळ्याएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढले, त्यांना ते बळ याच यंत्रणेने दिले. अडचण वेगळी आहे. वस्तीतल्या बऱ्याच धोक्यांपासून पळताही येत नाही आणि त्यांच्याशी हात करून लढताही येत नाही. घर पाडण्याची नोटीस, कंत्राटदाराने दोन महिने थकवलेला पगार, मुलीच्या फीची शेवटची तारीख, पहाटेच्या पाण्याची रांग. घंटा वाजतच राहते आणि शरीर दिवसभर तयारीत उभे राहते. मग मान आखडते, झोप उडते, ॲसिडिटी वाढते, लहानशा गोष्टीवरून पोरांवर हात उचलला जातो. डॉक्टरला आपण सांगतो, "अंग दुखतंय, गॅस झालाय." गोळी मिळते, चार दिवस बरे वाटते आणि दुखणे पुन्हा उभे राहते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. घाबरल्यावर भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते, श्वास पुरत नाही असे वाटते. या लक्षणांना घाबरून माणूस आणखी भरभर श्वास घेतो. अशा वेळी काही घरांत भगताला बोलावतात, लिंबू-अंगारा करतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे होऊ नये. बाहेरचे कोणी अंगात शिरलेले नसते. ते आपलेच श्वासाचे गणित बिघडलेले असते.

विचार मध्ये कुठे येतो?

समजा, घरधनी अंधेरीला रात्रपाळीला आहेत. सकाळी साताला येणारा माणूस नऊ वाजले तरी आला नाही. फोन लागत नाही. घडलेली गोष्ट एवढीच. आता एका बाईच्या मनात येते, "अपघात झाला." तिची छाती धडधडते, पाय लटपटतात, आणि पायच लटपटतात म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट झाले असे तिला वाटते. दुसरीच्या मनात येते, "पुन्हा दारूच्या गुत्त्यावर बसले असणार." तिचे डोके तापते, मुठी आवळतात. तिसरी म्हणते, "गाड्या उशिरा धावत असतील, बॅटरी संपली असेल." ती चहा टाकते. घटना एकच, पण मधला विचार वेगळा म्हणून तिघींचे शरीर वेगळे वागले.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास हीच गोष्ट उपचारासाठी वापरायला सुरुवात केली. पुढे १९६० च्या दशकात डॉक्टर ॲरन बेक यांना दिसले की उदास रुग्णांच्या मनात काही विचार आपोआप, झटकन येऊन जातात : माझे काहीच होणार नाही, मीच नालायक आहे, सगळे संपले. रुग्ण त्या विचारांना विचार मानतच नाहीत, सत्य मानतात. एलिस यांची पद्धत मुंबईत कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत पोहोचवली. आज सरकारी रुग्णालयातला समुपदेशक ज्या पद्धतीने तुमच्याशी बोलेल, तिच्यात याच कामाचा मोठा वाटा आहे.

म्हणजे रस्ता दुहेरी आहे. विचारामुळे शरीर बदलते आणि शरीराच्या खुणेमुळे नवा विचार येतो. धडधडले, म्हणून वाटले हार्ट अटॅक आला. हार्ट अटॅक आला असे वाटले, म्हणून आणखी धडधडले. हे चक्र कुठेतरी तोडायचे असते.

'वेदना' या शब्दाचा खरा अर्थ

हे चक्र कुठे तुटते, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी दाखवून दिले. सतिपट्ठान सुत्तात त्यांनी लक्ष ठेवण्याच्या चार जागा सांगितल्या : काया, वेदना, चित्त आणि धम्म. मराठीत आपण वेदना म्हणजे दुखणे समजतो. पालीतली वेदना त्याहून मोठी आहे. शरीरामनात जे काही जाणवते ते सगळे वेदना. ती सुखाची असेल, दुःखाची असेल किंवा दोन्ही नसलेली असेल.

प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत वेदनेनंतरची कडी तृष्णेची आहे. स्पर्श झाला, वेदना झाली, आणि लगेच 'हे हवे' किंवा 'हे नको' अशी ओढ सुरू झाली. वेदना थांबवणे आपल्या हातात नाही. वेदना आणि ओढ यांच्या मधल्या जागेत मात्र जागे राहता येते. अंगात आग उठली हे कळले, तर तोंडातून शिवी जाण्याआधी क्षणभर थांबता येते. तो क्षण मिळवणे हाच सगळा सराव आहे. बाबासाहेबांनीही बुद्धांच्या शिकवणीचे पहिले वैशिष्ट्य सांगताना मन हे सर्वांचे केंद्र मानले, ते याच अर्थाने आपल्याला उपयोगी पडते.

या सरावाला आता दवाखान्यातही जागा मिळाली आहे. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. त्यात पायापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेण्याचा सराव होता. त्याची मुळे बौद्ध ध्यानात आहेत. आपल्याकडे सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन आले आणि १९७६ साली इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. आपल्या समाजातले अनेक उपासक-उपासिका तिथे जाऊन आले आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. दहा दिवसांचे मौन शिबिर प्रत्येकासाठी नाही. ज्यांना मानसिक आजारावर गोळ्या चालू आहेत, ज्यांना भास होतात किंवा ज्यांच्यावर मोठा आघात झालेला आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय अशा शिबिराला जाऊ नये. तिथे जायचे म्हणून कोणी परस्पर गोळ्या बंद करू नयेत.

दुसरा बाण, आणि पहिल्या बाणाचे काय?

सल्ल सुत्तात बुद्धांनी बाणाचा दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागतो. तो शरीराचे दुःख. मग तो शोक करतो, तळमळतो, म्हणजे स्वतःलाच दुसरा बाण मारून घेतो. शहाणा माणूसही पहिल्या बाणाने दुखावतो, पण दुसरा बाण मारून घेत नाही.

आता तो धोका सांगतो. आजकाल मोबाइलवर, कंपनीच्या प्रशिक्षणात, बाबा-बुवांच्या प्रवचनात एकच उपदेश चालतो : विचार बदला, सगळे ठीक होईल. तुम्ही दुःखी आहात कारण तुमचे विचार नकारात्मक आहेत. हा उपदेश आपल्या माणसांना विषासारखा लागू शकतो. पहिला बाण कोणी मारला हे तो विचारतच नाही.

कामाच्या जागी आडनाव ऐकून कोणाचा सूर बदलला. मुलाला आरक्षणावरून वर्गात टोमणा बसला. गटारात उतरवताना साधा मास्क दिला नाही. पात्र असून पुनर्वसनाच्या यादीतून नाव गायब झाले. अशा वेळी अंगात उठलेली आग म्हणजे आजार नाही. शरीर बरोबर सांगते आहे की इथे अन्याय झाला. शेजारच्या घाटकोपरला रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली. तिथल्या आईला 'सकारात्मक विचार करा' असे सांगण्याची हिंमत कोणी करेल का?

बाबासाहेबांना हा प्रश्न चांगलाच दिसला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी चार आर्यसत्ये मूळची बुद्धांची की नंतरच्या भिक्खूंनी घातलेली, असा सवाल उभा केला. जगणे म्हणजेच दुःख असे म्हटले की धम्म निराशेचा होतो, आणि दुःखी माणसाला त्यातून आशा मिळत नाही, हे त्यांना मान्य नव्हते. माणसाने माणसाला दिलेले दुःख ओळखून ते दूर करणे हे त्यांनी धम्माचे काम मानले.

म्हणून आमचे म्हणणे असे. पहिला बाण बाहेरून आला असेल तर त्याचा बंदोबस्त बाहेरच करायचा. तक्रार, संघटना, वकील, गरज पडली तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा. दुसरा बाण मात्र आतला आहे : 'माझ्यातच काही कमी आहे', 'आपल्या नशिबातच हे आहे', 'मी मेलेले बरे'. तो रोखण्यासाठी शरीराची जाणीव आणि विचाराची तपासणी हवी. मन शांत करायचे ते लढा सोडण्यासाठी नाही. शांत डोक्याने लिहिलेली तक्रार नीट लिहिली जाते, तारखा आणि नावे नीट आठवतात, आणि घरी येऊन लेकरांवर राग निघत नाही.

पावसाचेही तसेच. मिठीकाठच्या घरात भीती वाटू नये असे आम्ही म्हणणार नाही. जातीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या प्लास्टिकमध्ये बांधून वर ठेवा. महापालिकेच्या आपत्ती विभागाचा १९१६ हा नंबर भिंतीवर लिहा. म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार, लेकरांना कोण नेणार हे आधीच ठरवा. एवढे केले की धडधडणाऱ्या छातीला खरे उत्तर देता येते : तयारी झाली आहे, पाणी आले तर काय करायचे ते आपल्याला माहीत आहे.

दहा मिनिटांचा सराव

यासाठी वेगळी खोली लागत नाही, आसन लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सगळे झोपल्यावर करा, पाण्याच्या रांगेत करा, हार्बरच्या गाडीत जागा मिळाली तर तिथे करा.

१. पाय जमिनीला टेकू द्या. जमिनीचा गारवा किंवा चपलेचा दाब जाणवतो का बघा. डोळे मिटायला भीती वाटत असेल तर उघडेच ठेवा.

२. लक्ष पायांपासून वर आणा. पोटऱ्या, मांड्या, पोट, छाती, खांदे, मान, जबडा, कपाळ. कुठे ताठ आहे, कुठे गरम आहे, कुठे काहीच जाणवत नाही, एवढेच बघा. चांगले-वाईट ठरवू नका.

३. जे सापडले त्याला मनात साध्या शब्दांत नाव द्या : "छातीत धडधड आहे. जबडा आवळला आहे." मग भावनेला नाव द्या : "ही भीती आहे." "हा राग आहे." 'मी घाबरट आहे' असे म्हणू नका. 'आत्ता भीती आहे' असे म्हणा. आत्ता आहे, म्हणजे जाणारही आहे.

४. श्वास नेहमीसारखा आत घ्या आणि तोंडाने सावकाश सोडा, जणू गरम चहावर हळू फुंकर घालता आहात. आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागू द्या. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, ही शरीराची रचनाच आहे. असे आठ-दहा वेळा करा.

५. शरीराकडे बघून जीव अधिकच घाबरा होत असेल तर थांबा. ज्यांनी मारहाण किंवा अत्याचार सोसला आहे त्यांचे असे होऊ शकते. मग लक्ष बाहेर न्या. खोलीतल्या पाच वस्तू मोजा, गार पाण्याने तोंड धुवा, जवळच्या माणसाचा हात धरा. हाही सरावच आहे.

पहिल्या आठवड्यात फार फरक दिसणार नाही. मन चुलीवरच्या भाताकडे, उद्याच्या हप्त्याकडे पळेल. पळाले हे कळले की पुन्हा पायांकडे आणायचे. पळणे आणि परत आणणे यातूनच सवय लागते.

विचाराची झडती

शरीर थोडे शांत झाले की विचाराकडे वळा. कालाम सुत्तात बुद्धांनी सांगितले की एखादी गोष्ट ऐकीव आहे, परंपरेने आली आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा. आपण हा नियम देव, पोथी आणि बुवा यांना लावला. तोच आपल्या मनात उठणाऱ्या विचारालाही लावायला हवा. तो माझ्या डोक्यात आला एवढ्यावरून खरा ठरत नाही. त्याला तीन प्रश्न विचारा.

ही घडलेली गोष्ट आहे की माझा अंदाज? 'साहेब आज बोलले नाहीत' ही घटना झाली. 'मला काढून टाकणार' हा अंदाज झाला.

पुरावा काय, आणि उलट बाजूचा पुरावा काय? मुलगी एका चाचणीत नापास झाली. मागच्या चार चाचण्यांत पास झाली होती, हेही वहीत लिहा.

आत्ता माझ्या हातात काय आहे? हातात असेल ते एक काम आजच करा, मग ते लहान असले तरी चालेल. हातात नसेल ते एखाद्या माणसाला सांगा. मनात कोंडून ठेवू नका.

कधी कधी झडती घेतल्यावर विचार खराच निघतो. पगार खरोखरच थकलेला असतो. तेव्हा मनाला खोटी समजूत घालायची नाही. तो पहिला बाण आहे, त्याचा उपाय बाहेर आहे.

घरातल्या प्रत्येकाचे अंग वेगळे बोलते

लहान मुलाला 'मला शाळेत भीती वाटते' असे सांगता येत नाही. ते म्हणते, "पोटात दुखतंय." डॉक्टरने तपासून काही नाही म्हटले तरी ते नाटक नसते. पोट खरेच दुखत असते. "कधी दुखतं? शाळेला निघताना? कोणत्या तासाला?" असे जवळ घेऊन विचारा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळते.

पुरुष 'मी घाबरलो' म्हणत नाहीत. ते म्हणतात, "डोकं फिरलंय," आणि क्वार्टर उघडतात. दारूने अंगाची घंटा काही तास बंद होते, पण सकाळी ती अधिक जोरात वाजते आणि झोपही तुटक होते. बायका दुखणे अंगावर काढतात. सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले खायचे, सगळे झोपल्यावर पाठ टेकायची. त्यांना आम्ही एवढेच विचारतो : आज दिवसभरात तुमच्या खांद्यांकडे तुमचे एकदा तरी लक्ष गेले का?

केव्हा डॉक्टरकडे जायचेच

शरीराचे ऐकणे म्हणजे घरी बसून निदान करणे नाही. छातीत दाब, दुखणे हातात किंवा जबड्यात जाणे, घाम फुटणे, दम लागणे असे झाले तर 'टेन्शन असेल' म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. बायकांमध्ये हृदयविकार कधी कधी नुसती मळमळ, थकवा आणि पाठदुखी अशाच रूपात येतो.

धडधड, थकवा, चिडचिड हे सगळे रक्त कमी असल्याने, थायरॉइडने किंवा साखर खाली-वर झाल्यानेही होते. कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात किंवा जवळच्या महापालिका दवाखान्यात हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब आधी तपासून घ्या. वजन घटत असेल, दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर टीबीची तपासणी करा.

आणि मनासाठी डॉक्टर केव्हा? दोन आठवडे सतत उदास वाटते आहे, कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे. एखाद्या प्रसंगाला महिना उलटला तरी त्याची स्वप्ने पडतात, तो रस्ता टाळला जातो, साध्या आवाजाने अंग दचकते. जगणे नको वाटते. यातले काहीही असेल तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जायला जमत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. सरकारची ही सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीत बोलता येते. मनाच्या उपचारात कमीपणा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत हा उपचार मिळणे आपला हक्क ठरवला आहे.

विहारात एकत्र बसू या

वर्षावासाचे तीन महिने आणि मुंबईचा पावसाळा एकाच वेळी येतात. आषाढी पौर्णिमेपासून आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. बायका हातातले काम टाकून येतात, लेकरे पुढे बसतात. आमची वस्तीतल्या प्रत्येक विहार समितीला एक सूचना आहे. वाचनानंतर दहा मिनिटे सगळ्यांनी मिळून वरचा सराव करावा. त्यानंतर ज्याला बोलायचे असेल त्याला बोलू द्यावे. सल्ला द्यायची घाई करू नये, आणि ऐकलेले विहाराच्या बाहेर नेऊ नये. महिन्यातून एकदा आशाताईंना किंवा दवाखान्यातल्या समुपदेशकाला बोलवावे. भिंतीवर १४४१६, १०८ आणि १९१६ हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

एकटा माणूस आपल्या छातीची धडधड ऐकतो तेव्हा ती फक्त त्याचीच आहे असे त्याला वाटते. शेजारच्या बाईने "माझंही असंच होतं" म्हटले की अर्धा भार तिथेच उतरतो. मग उरलेल्या भाराचे काय करायचे, कोणत्या ऑफिसात जायचे, कोणत्या डॉक्टरला गाठायचे, हे मिळून ठरवता येते. येत्या रविवारी वंदनेनंतर सुरुवात करा, आणि काय अनुभव आला ते आम्हाला जरूर कळवा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!